‘हँग होणे’ : घरगुती ध्वनिमुद्रणातील खोळंब्याची मीमांसा

मराठी भाषकांच्या तोंडी ‘हँग होणे’ हे संयुक्त क्रियापद आता पक्के रुजले आहे. परभाषेतील शब्दाला ‘होणे’ अथवा ‘करणे’ जोडून क्रियापद सिद्ध करण्याची मराठीची रीत जुनीच असल्याने त्यात नवल वाटण्याजोगे काही नाही. लक्षात घेण्यासारखी गोष्ट निराळी आहे. घरी संगणकावर गाणे ध्वनिमुद्रित करणारा गायक ‘मध्येच हँग झाले’ असे सांगतो, तेव्हा या एका क्रियापदाने निदान तीन भिन्न विकारांचा निर्देश होत असतो. या तिन्ही विकारांची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे आहेत. ते न ओळखता नवा संगणक, नवा मायक्रोफोन, नवे सॉफ्टवेअर यांवर खर्च केला जातो व विकार तसाच राहतो. हीच साधने आज बोलींच्या अभ्यासकांच्याही हाती आहेत. गायकाला फसलेली बंदिश पुन्हा गाता येते. परंतु एखाद्या वृद्ध निवेदिकेने एकदाच सांगितलेली जात्यावरची ओवी पुन्हा त्याच उच्चारांत मिळेल याची शाश्वती नसते. यास्तव या विषयाचा विचार येथे काहीसा विस्ताराने करणे अप्रस्तुत ठरू नये.

पहिल्या प्रकारात पडद्यावरील चौकट गोठते आणि माउसला प्रतिसाद मिळत नाही. पण आवाज चालू असतो व पुष्कळदा ध्वनिमुद्रणही चालूच राहते. एखाद्या प्रोग्रॅमने सुमारे ५ सेकंद प्रतिसाद दिला नाही की, विंडोज ही कार्यप्रणाली त्याच्या माथ्यावर ‘प्रतिसाद देत नाही’ असा शेरा मारते. हा शेरा चौकटीविषयी असतो, ध्वनीविषयी नसतो. दुसऱ्या प्रकारात याच्या उलट घडते : चौकट सुरळीत चालते, परंतु आवाजात टकटक, खरखर किंवा क्षणिक खंड येतो. तिसऱ्या प्रकारात दोन्ही थांबतात आणि इंटरफेसची तार काढून पुन्हा लावल्याखेरीज अथवा यंत्र नव्याने सुरू केल्याखेरीज गत्यंतर उरत नाही. पहिल्याचे मूळ बहुधा प्रोग्रॅममध्ये अथवा फाइल जिथे साठवली जाते त्या डिस्कमध्ये सापडते, दुसऱ्याचे वेळेच्या हिशोबात आणि तिसऱ्याचे ड्रायव्हरमध्ये किंवा विद्युत्-जोडणीत.

वेळेचा हा हिशोब प्रथम समजून घेतला पाहिजे. संगणक ध्वनी अखंड रूपात साठवीत नाही. तो ध्वनिलहरीची उंची ठराविक अंतराने मोजतो आणि ते आकडे ठेवतो. अशा एका मोजणीला नमुना म्हणता येईल. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने हा दर ठरला व तो अद्याप प्रचारात आहे. चित्रपट व दूरदर्शनच्या कामात ४८,००० हा दर रूढ आहे. प्रत्येक नमुना स्वतंत्रपणे हाताळणे संगणकाला परवडत नाही. म्हणून ते ६४, १२८, २५६ अशा गटांनी घेतले जातात. नमुन्यांचा हा गट ज्या तात्पुरत्या जागेत भरला जातो तिला बफर म्हणतात.

विहिरीवरील रहाटगाडग्याची कल्पना केल्यास ही योजना चटकन ध्यानात येईल. रहाट एकाच गतीने फिरत असतो. प्रत्येक गाडगे भरून वर येते, ते पाटात रिते होते आणि पुन्हा खाली जाते. ध्वनिमुद्रणात इंटरफेसमधील स्फटिक-घड्याळ हा तो रहाट आणि बफर म्हणजे गाडगे होय. गाडगे रिते करणारा गडी म्हणजे संगणक. गडी कितीही बलवान असला, तरी नेमक्या क्षणी तो जागेवर नसेल तर ते गाडगे भरलेलेच खाली जाते आणि त्यातले पाणी वाया जाते. रहाट त्याच्यासाठी थांबत नाही. ४८,००० च्या दराने ६४ नमुन्यांचे गाडगे १.३३ मिलिसेकंदांत भरते. २५६ चे ५.३३ आणि १,०२४ चे २१.३३ मिलिसेकंदांत. तेवढ्या अवधीत गडी परत आला पाहिजे, आणि तासभराच्या ध्वनिमुद्रणात एकदाही न चुकता आला पाहिजे.

येथेच सर्वसामान्य समजुतीतील चूक आढळते. ‘संगणक कमी शक्तीचा आहे म्हणून अडखळतो’ असे मानले जाते. वस्तुतः दोन वाहिन्यांचे ४४,१०० दराचे व १६ बिटांचे ध्वनिमुद्रण सेकंदाला अवघे १,७६,४०० बाइट मागते, म्हणजे मिनिटाला सुमारे १ कोटी बाइट. एवढी वाहतूक जुन्या यंत्रालाही जड नाही. प्रोसेसरवरील भार सरासरीने २० टक्के दिसत असताना आवाज तुटतो, याचे कारण असे की सरासरीला येथे काही अर्थ नाही. एखादे दुसरेच काम प्रोसेसरला क्षणभर अडवून धरते आणि त्याच क्षणी गाडगे वर आलेले असते. विंडोजमध्ये निरनिराळ्या उपकरणांचे ड्रायव्हर आपले तातडीचे काम इतर सर्व प्रोग्रॅमांच्या आधी उरकून घेऊ शकतात. त्यांपैकी एकाने, विशेषतः वाय-फायच्या किंवा चित्रपट्टाच्या म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरने, नियमापेक्षा अधिक वेळ घेतला की ध्वनीचा प्रोग्रॅम ताटकळतो. लेटन्सीमॉन नावाचे साधन असा विलंब करणाऱ्या ड्रायव्हरचे नाव दाखविते. वाय-फाय बंद करताच खरखर थांबली, असा अनुभव अनेक ठिकाणी येतो, त्याचे मर्म हे आहे.

विलंबाचा आणखी एक सूक्ष्म प्रकार प्रोग्रॅमच्या अंतर्भागात घडतो. त्याचे प्रसिद्ध उदाहरण संगीतापासून फार दूरचे आहे. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या ‘पाथफाइंडर’ यानाचा संगणक तेथे पुनःपुन्हा आपोआप नव्याने सुरू होऊ लागला. कमी महत्त्वाच्या हवामानविषयक कामाने एक सामाईक कुलूप स्वतःकडे ठेवले होते. अत्यंत महत्त्वाचे काम त्या कुलपाची वाट पाहत होते. आणि मधल्या दर्जाची कामे त्या कनिष्ठाला पुढे सरकूच देत नव्हती. पृथ्वीवरील प्रतिरूप यंत्रावर हा दोष पुन्हा घडवून आणून त्याचे निदान झाले आणि कुलूप धरणाऱ्याला तेवढ्यापुरता वरिष्ठाचा दर्जा देण्याची सोय दुरून चालू करण्यात आली. ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्रॅममध्येही पडद्यावर लहरींचे चित्र रेखाटणारे काम कनिष्ठ आणि ध्वनी हाताळणारे काम वरिष्ठ असते. वरिष्ठाने कनिष्ठाच्या कुलपासाठी थांबायचे नाही, हा नियम ज्या प्रोग्रॅममध्ये पाळलेला नसतो, तेथे चित्र मोठे केले किंवा सरकविले की आवाज तुटतो. वापरणाऱ्याला हा दोष दुरुस्त करता येत नाही; ध्वनिमुद्रण चालू असताना पडद्याशी चाळा न करणे एवढेच त्याच्या हाती असते.

गाडगे मोठे केले की गड्याला उसंत मिळते. मग सर्वांनीच १,०२४ चे बफर का ठेवू नये? कारण गायकाला स्वतःचा आवाज व तानपुरा कानावरील हेडफोनमधून ऐकत गायचे असते, आणि बफर जितके मोठे तितका तो आवाज उशिरा पोहोचतो. ध्वनी हवेतून १ मीटर अंतर सुमारे ३ मिलिसेकंदांत कापतो. तेव्हा एकंदर १० मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे साथीदार साडेतीन मीटरांवर बसल्यासारखे होय; ते चालते. हाच विलंब ४० वर गेला की तबलजी तेरा-चौदा मीटर दूर गेला असे होते आणि लय सुटू लागते. म्हणून गाताना बफर लहान ठेवावे व नंतर संस्कार करताना ते मोठे करावे. बहुतेक इंटरफेसमध्ये मायक्रोफोनचा आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनकडे वळविण्याची सोय असते. ती वापरल्यास हा पेच मुळातच उरत नाही. मुलाखत किंवा बोलीचा नमुना घेणाऱ्याला तर लहान बफरची गरजच नसते. तरीही संगीतासाठी सांगितलेले आकडे तो आपल्या यंत्रावर तसेच ठेवतो आणि विनाकारण खंड ओढवून घेतो.

इंटरफेस व प्रोग्रॅम यांच्यामधील दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. विंडोजचा जुना ध्वनिमार्ग अनेक थरांतून जाणारा व संथ होता. म्हणून स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९७ साली ‘एसिओ’ हा थेट मार्ग काढला. मायक्रोसॉफ्टचा ‘वासापी’ हा मार्ग २००७ साली विंडोज व्हिस्टाबरोबर सर्वसामान्य ग्राहकांच्या हाती आला. मॅकमध्ये ‘कोअर ऑडिओ’ आणि लिनक्समध्ये ‘अल्सा’ हे काम करतात. २०२४ अखेरच्या ६.१२ या आवृत्तीपासून तत्काल-प्रतिसादाची पूर्वी वेगळी जोडावी लागणारी व्यवस्था लिनक्सच्या मूळ गाभ्यातच समाविष्ट झाली आहे. व्यवहारात याचा संबंध येतो तो मालकीच्या प्रश्नामुळे. थेट मार्गावर उपकरण पुष्कळदा एकाच प्रोग्रॅमच्या ताब्यात असते. मागे ब्राउझर उघडा असून त्याने तेच उपकरण ४८,००० दराने धरले असेल व मुद्रणाचा प्रोग्रॅम ४४,१०० मागत असेल, तर दोघांपैकी एक अडून बसतो. सुरुवातीलाच ‘हँग’ होणाऱ्या कित्येक यंत्रांचा विकार एवढाच असतो.

ब्लूटूथ हेडफोनबाबत थोडे अधिक स्पष्ट बोलले पाहिजे. बहुतांश प्रचलित ब्लूटूथ हेडफोनांवरील मायक्रोफोन चालू करताच ते उपकरण दूरध्वनीच्या अवस्थेत जाते आणि नमुना-दर १६,००० अथवा ८,००० वर उतरतो. दर मध्येच बदलल्याने प्रोग्रॅम गोठतो ते वेगळेच. पण न गोठला तरी ८,००० दराच्या मुद्रणात ४,००० हर्ट्‌झच्या वरचे काहीच उरत नाही. ‘स’कारातील घर्षणाची मुख्य ऊर्जा त्याहून वरच्या भागात असते. अशा मुद्रणावरून ‘स’ आणि ‘श’ यांच्या भेदाविषयी निष्कर्ष काढणे धाडसाचे आहे.

यूएसबी तारेविषयी फारशी चर्चा होत नाही, पण तिसऱ्या प्रकारच्या खोळंब्याचे मूळ पुष्कळदा तेथेच असते. फाइलची नक्कल करताना यूएसबीवर चूक झाली तर तो भाग पुन्हा पाठविला जातो. ध्वनीच्या वाहतुकीत तसे होत नाही. वेळेवर पोहोचणे अधिक महत्त्वाचे मानून चुकलेला भाग सोडून दिला जातो. त्यामुळे ज्या सैल तारेवर पेनड्राइव्ह निर्वेधपणे चालतो, त्याच तारेवर ध्वनी तुटतो. यूएसबी २.० च्या एका जोडणीतून ५०० मिलिअँपिअर एवढाच प्रवाह मिळण्याची खात्री असते. स्वतंत्र वीजपुरवठा नसलेल्या हबवर इंटरफेस, बाह्य डिस्क व कळफलक एकत्र लावले आणि कंडेन्सर मायक्रोफोनसाठी ४८ व्होल्टचा पुरवठा चालू केला की, याच तुटपुंज्या प्रवाहातून सर्वांची वाटणी होते. इंटरफेस क्षणभर नाहीसा होऊन परत येतो आणि प्रोग्रॅम मात्र गेलेल्या उपकरणाची वाट पाहत राहतो. इंटरफेस थेट यंत्राला जोडणे, तार बदलून पाहणे आणि वीजबचतीसाठी यूएसबी निद्रिस्त करण्याची सोय बंद ठेवणे, हे तीन उपाय बिनखर्ची किंवा अल्पखर्ची आहेत. ते सर्वांत आधी करावेत.

आता प्लगइन. ध्वनीवर घुमारा चढविणे, स्वर सुधारणे इत्यादी संस्कार करणारे हे छोटे प्रोग्रॅम सामान्यतः मुख्य प्रोग्रॅमच्या घरातच राहतात. त्यामुळे एकाने दगा दिला की सारे घर बसते. रीपरसारख्या प्रोग्रॅममध्ये संशयित प्लगइन स्वतंत्र खोलीत चालविण्याची सोय आहे. प्रोग्रॅम उघडतानाच तो अडकत असेल, तर प्लगइनांची तपासणी करताना एखादे अडते आहे असे समजावे आणि अलीकडे बसविलेले प्रथम काढून पाहावे.

प्लगइनांच्या बाबतीत एक विलक्षण विकार आढळतो : गाणे चालू असताना यंत्र ठीक चालते आणि गाणे संपून शांतता झाली की अडखळते. ज्याने हे प्रथमच पाहिले त्याचा यावर विश्वास बसत नाही. घुमाऱ्याचे गणित असे असते की, प्रत्येक आवर्तनात मागील ध्वनीचा काही अंश उरतो. तानपुऱ्याचा शेवटचा झंकार विरत जातो तसे हे आकडे लहान होत होत ऐकू येण्याच्या मर्यादेच्या कितीतरी खाली उतरतात, पण शून्य होत नाहीत. १९८५ साली ठरलेल्या द्विमान चलबिंदू-गणिताच्या मानकानुसार एका विशिष्ट मर्यादेखालील, म्हणजे साध्या अचूकतेत सुमारे १.१८ × १०⁻³⁸ हून लहान, संख्या निराळ्या पद्धतीने मांडल्या जातात आणि कित्येक प्रोसेसर त्या हाताळताना अनेक पटींनी मंदावतात. पेंटियम ४ वर हा दोष विशेष जाणवत असे. अशा संख्यांना सरळ शून्य मानण्याचा आदेश प्रोसेसरला देता येतो आणि आजची चांगली सॉफ्टवेअरे तो देतात. तथापि जुनी प्लगइने अद्याप वापरात आहेत, आणि त्यांच्यामुळे शांततेचे ओझे यंत्राला गाण्यापेक्षा जड होते.

डिस्कविषयीच्या कारणांत मुख्य कारण फाइलच्या आकारमानाचे आहे. १९९१ साली निघालेल्या ‘वेव्ह’ फाइलीत लांबीचा आकडा ३२ बिटांत लिहिला जातो, म्हणून तिला ४ गिगाबाइटची मर्यादा आहे. दोन वाहिन्यांच्या साध्या मुद्रणात ती सुमारे पावणेसात तासांनी येते. पण चार मायक्रोफोनांचे ४८,००० दराचे व २४ बिटांचे मुद्रण एकाच फाइलीत होत असेल, तर २ तास ४ मिनिटांतच गाठली जाते. भजनाची बैठक रंगात येण्याची ती वेळ असते. याखेरीज मुद्रणाची फाइल मेघसाठ्याशी आपोआप जुळविल्या जाणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवू नये, आणि बाह्य हार्ड डिस्क झोपी जाणार नाही अशी तजवीज करावी; तिची तबकडी पुन्हा फिरू लागेपर्यंत काही सेकंद सारे थबकते.

खोळंबा झालाच, तर काय करावे? प्रथम काहीच करू नये. पहिल्या प्रकारात चौकट गोठली असली तरी मुद्रण चालू असू शकते आणि घाईने प्रोग्रॅम बंद पाडल्याने तेच नष्ट होते. इंटरफेसवरील पातळीचे दिवे हलत आहेत काय आणि डिस्कवरील फाइल वाढते आहे काय, हे पाहावे. प्रोग्रॅम बंद पाडावाच लागला, तर अर्धवट राहिलेल्या वेव्ह फाइलीची लांबी पुष्कळदा शून्य दिसते व ती उघडत नाही. ती टाकून देऊ नये. लांबीचा आकडा फाइलीच्या आरंभी असला, तरी बरेच प्रोग्रॅम तो मुद्रण संपल्यावरच भरतात; तेवढा भरायचा राहिलेला असतो, ध्वनीचे नमुने जागेवर असतात. ऑडॅसिटीमध्ये कच्चा मजकूर म्हणून फाइल आत घेण्याची सोय आहे. तेथे नमुना-दर, बिटसंख्या व वाहिन्या अचूक सांगितल्या की आवाज परत मिळतो. ऑडॅसिटीचे स्वतःचे मुद्रण असेल, तर पुढच्या खेपेस उघडताना ती आपण होऊन ते परत देऊ करते.

निदानाचा क्रम साधा आहे. सर्व प्लगइने काढावीत, वाय-फाय बंद करावे, बफर मोठे करावे, इंटरफेस थेट जोडावा आणि अर्धा तास मुद्रण करून पाहावे. खोळंबा नाहीसा झाला तर काढलेल्यांपैकी निम्म्या गोष्टी परत आणाव्यात. पुन्हा उद्भवला तर दोषी त्या निम्म्यात आहे. अशा रीतीने १६ संशयितांतून एक शोधण्यास चार फेऱ्या पुरतात. एका वेळी दोन असंबद्ध बदल केले की खोळंबा जातो, पण कारण कळत नाही, आणि महिन्याभराने तो परत येतो.

आतापर्यंत वर्णिलेले विकार निदान स्वतः होऊन कळतात. बोलीच्या अभ्यासकाला खरे भय वाटावे ते न कळलेल्या खंडाचे. एक गाडगे वाया गेले तर दोन गोष्टींपैकी एक घडते : तेवढा काळ फाइलीतून गळतो, किंवा त्याच्या जागी तेवढीच शून्ये भरली जातात. ४४,१०० दराने ५१२ नमुन्यांचा असा खंड ११.६ मिलिसेकंदांचा होतो. ‘पता’ आणि ‘पत्ता’ यांतील भेद मुखातील अडथळ्याच्या कालावधीवर उभा आहे; ‘क’ आणि ‘ख’ यांतील भेद स्फोटानंतर स्वर सुरू होईपर्यंतच्या काही दशक मिलिसेकंदांवर. अशा जागी ११ मिलिसेकंद गळाले वा वाढले तर मापन बिघडते आणि कानाला त्याची वार्ताही नसते. त्यात भर अशी की, क्षणिक शांतता व तिच्या शेवटी टक असा आवाज हे खंडाचे रूप, आणि स्पर्श व्यंजनाचे ध्वनिचित्रातील रूपही तेच. अडथळ्याची शांतता आणि मग स्फोटाची उभी रेघ. घाईत असलेला संशोधक यंत्राच्या चुकीलाच व्यंजन समजण्याचा संभव आहे.

दोहोंतील फरक ओळखता येतो. माणसाने ओठ मिटले तरी खोलीतला पंखा थांबत नाही. त्यामुळे खऱ्या अडथळ्याच्या काळातही पार्श्वभूमीचा बारीक आवाज नमुन्यांत उमटलेला असतो. यंत्राने भरलेल्या जागी निखळ शून्ये असतात. ‘प्राट’ किंवा ऑडॅसिटीमध्ये लहर पुरेशी मोठी करून पाहिली की ही सरळ रेघ लपत नाही. काळ गळाला असेल, तर मात्र लहरीतील तुटका सांधा तेवढा दिसतो आणि तोही नेहमी दिसतोच असे नाही. त्यासाठी दुसऱ्या स्वतंत्र रेकॉर्डरवर त्याच वेळी मुद्रण करावे. आरंभी, शेवटी आणि मध्ये दर दहा मिनिटांनी एक टाळी वाजवावी आणि टाळ्यांमधील अंतरे दोन्ही फाइलींत मोजावीत. दोन यंत्रांची घड्याळे तंतोतंत जुळत नसल्याने थोडा फरक राहणारच. दहा लाखांत ५० एवढी तफावत असली तर तासाभरात ०.१८ सेकंदाचे अंतर पडते. पण हे अंतर प्रत्येक दहा मिनिटांत सारख्याच प्रमाणात वाढते. एखाद्याच दहा मिनिटांत ते उडी मारून वाढले असेल, तर त्या अवधीत काळ गळाला आहे. अशा ठिकाणी फाइलीत खूण करावी, खंड बुजविण्याचा प्रयत्न करू नये, आणि त्या दहा मिनिटांतील उच्चार शब्दसंग्रहासाठी ठेवून कालमापनातून वगळावेत.